चुलीखालची पांढरी

लोखंडी भट्टी, तिच्यावर तेलाने भरलेली कढई आणि पोटात रसरसलेली लाकडे, असे सगळे मिळून वजन दोन-तीन क्विंटलांच्या पुढे सहज जाते. शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर या रेल्वेच्या गावांत अशा भट्ट्यांना तोटा नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या स्टेशनावर कचोरी तळायला घेतली, तेव्हापासून तर या पट्ट्यात कढई ही गावाची ओळखच होऊन बसली. आज नवे हॉटेल, मंगल कार्यालय किंवा आश्रमशाळा बांधणारा माणूस दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतो, भट्टीखाली कोणती फरशी टिकेल? दुकानदार ग्रॅनाइट दाखवतो, कोटा दाखवतो, कडप्पा दाखवतो. भाव ठरतो, फरशी बसते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भट्टीच्या पायाशी केसाएवढी चीर पडते, तिसऱ्यापर्यंत तिच्यात तेल आणि राख मुरून काळी रेघ उमटते, आणि एक दिवस भट्टीचा एक पाय खचून कढई कलती होते. मग शिव्या दुकानदाराला.

या वेळेपुरते दुकानदाराला सोडून देऊ. त्याने दाखवलेल्या दगडांविषयी बोलायचे आहे, पण ते नंतर. या बुलढाणा जिल्ह्यात जड चूल कशावर बसवायची हा प्रश्न फरशीचा झाला तो गेल्या दीडशे वर्षांत. त्याआधी दोन हजार वर्षे लोक त्याचे उत्तर जमिनीत शोधत होते, आणि त्यांना ते सापडलेही होते.

बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. खामगाव आणि मोताळा पायरीवर उभे आहेत असे म्हणायला हरकत नाही. वरच्या मजल्यावर हात घालाल तिथे काळा पाषाण. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर त्याच दगडाचे, सिंदखेडराजात जाधवरावांच्या काळातल्या काळ्या कोटाच्या अजस्र भिंतीही त्याच दगडाच्या. खालच्या मजल्यावर मात्र पूर्णेचा शेकडो फूट खोल गाळ. तिथे बी म्हणून पेरायलाही दगड नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचा बौद्ध स्तूप सापडला, तो विटांचा होता. विहिरी सापडल्या, त्या भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या होत्या. दगड नसलेल्या मुलखाने दगडाचे काम भाजलेल्या मातीकडून करून घेतले होते. भट्टीखाली काय घालावे याचा विचार करताना मला ही गोष्ट ग्रॅनाइटच्या भावापेक्षा जास्त कामाची वाटते.

पण वीट असो की पाषाण, त्याच्याखाली काय आहे? काळी. कापसाची काळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पाणी सुटले की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगानंतर त्या आपोआप बुजतात. शेतकऱ्याला हे वरदान आहे, कारण जमीन स्वतःच स्वतःला उलटीपालटी करते. घर बांधणाऱ्याला हा शापच. फुगणारी जमीन भिंत उचलते, आकसणारी सोडून देते. चूल तर दुहेरी कात्रीत सापडते. तिच्याखालची माती आगीने बारा महिने कोरडी राहते आणि दोन हातांवर, मोरीजवळची माती बारा महिने ओली राहते. एक बाजू बसलेली, दुसरी फुगलेली. वरची फरशी कितीही जाड घ्या, तिला मोडावेच लागते.

म्हणून आपली गावे काळीवर बसली नाहीत, किंवा अधिक नेमके सांगायचे तर बसली आणि मग काळी उरली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. हे शब्द वऱ्हाडात आजही जिवंत आहेत. पांढरी पांढरी का असते? ती निसर्गाने दिलेली नाही. पडलेल्या भिंतींची माती, गोठ्यातला उकिरडा, हाडे, खापरे, चुना, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे राख, शेकडो वर्षांची राख. पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधायला निघतात तेव्हा शिवारात पांढरीचे टेकाड कुठे दिसते ते आधी पाहतात. काळ्या शिवारात मधेच राखी रंगाचा उंचवटा दिसला की तिथे कधीतरी माणसे राहून, रांधून गेली.

आता यातली खरी गंमत. काळ्या मातीत चुना किंवा राख मिसळली की तिचे फुगणे कमी होते. राखेतला चुन्याचा अंश चिकणमातीच्या कणांना एकमेकांना धरून ठेवायला लावतो आणि त्यांची पाण्याची हाव मोडतो. आज रस्ते बांधणारे अभियंते काळ्या जमिनीत चुना आणि औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळून हेच करतात आणि त्याला स्थिरीकरण म्हणतात. वऱ्हाडातल्या बायांनी त्याला काहीच नाव दिले नाही. पऱ्हाट्या जाळल्या, तुऱ्हाट्या जाळल्या, गोवऱ्या जाळल्या आणि सकाळी चूल उकरून राख उकिरड्यावर टाकली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींनी चूल बसेल अशी जमीन तयार केली. नवी चूल घालायची झाली की घरधनीण गढीजवळची पांढरी माती पाटीभर आणवून घेई. ती आधीच्या चुलींचीच राख होती.

ती चूल कशी घालत, हेही जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पांढरी माती, तिच्यात गव्हाचा भुसा, कुठे घोड्याची लीद, शेण. दोन-तीन दिवस भिजत घालून पायाने तुडवलेला गारा. चुलीबरोबर वैल, म्हणजे तिच्याच जाळावर चालणारी जोडचूल, आणि लागून भाणवस, म्हणजे भांडी ठेवायचा कट्टा. पहिल्या जाळात भुसा आणि लीद आतल्या आत जळून जाते आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. त्यांत हवा. हवेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून जाळ भांड्याला लागतो आणि चुलीचे बूड मात्र थंड राहते. घाटावर पाषाण पायरीला पडलेला असताना तिथेही घरोघरी चुली मातीच्याच होत्या, यामागे गरिबीपेक्षा हिशेब अधिक होता. दगड उष्णता पितो. भाकरी तापायच्या आधी चूल तापवायला कोणाकडे एवढे जळण होते?

दगड वापरला तो भांडे पेलायला, तीन धोंड्यांच्या रूपात. आणि तोही वाटेल तो नाही. विहिरी खोदणारे लोक या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, दोन जाती सहज ओळखतात. एक घट्ट काळा पाषाण, हातोडा मारला की खणखण वाजणारा. दुसरा मांजऱ्या, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी खडे भरलेला. हे खडे दिसायला सुंदर असतात, संग्रहालयात ठेवतात, पण त्यांच्या घडणीत पाणी असते. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा खडा तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला, आणि त्यावरून त्याने नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. आगीजवळ मांजऱ्या लावला तर तो तडतडतो, कपचे उडवतो. नदीतला ओला गोटाही तसाच, आत अडकलेल्या पाण्याची वाफ त्याला फोडते. घट्ट काळा पाषाण मात्र आग सोसतो. त्याला वितळायला हजार-बाराशे अंश लागतात. लोणारला तो वितळलेला आहे, तिथे उल्का आदळून बेसाल्टची काच झाली. त्यापेक्षा मोठी भट्टी आपल्या जिल्ह्यात अद्याप कोणी पेटवलेली नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही.

पुढची गोष्ट रेल्वेची. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला, तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते. एवढ्या आखूड लोहमार्गासाठी व्हाइसरॉयने यावे, इतका खामगावचा कापूसबाजार तेव्हा मोठा होता. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, याच कंपनीचा दक्षिणेकडचा मार्ग शहाबाद, वाडीवरून रायचूरला भिडला. कापूस बाहेर नेणाऱ्या रुळांवरून उलट दिशेने काय काय आले त्याची मोजदाद कोणी फारशी करत नाही. त्यात एक गोष्ट होती शहाबादी फरशी.

आगीखाली काय घालायचे याबाबत जिनिंग-प्रेसिंगचे मालक भाबडे नव्हते. त्यांच्या बॉयलरखाली त्यांनी भट्टीची वीट बसवली. आग सोसणाऱ्या खास मातीची वीट, त्याच मातीच्या गाऱ्यात. बॉयलरघराचा पाया काळी काढून खाली मुरमापर्यंत नेलेला. कारण बॉयलर कलला तर नुसती भाकरी कच्ची राहत नाही, माणसे मरतात. गंमत अशी की त्याच मालकाच्या वाड्यात स्वयंपाकघराला मात्र हौसेने शहाबादी आली. तिथून ती पायरीला, ओट्याला, देवघराला गेली. शहाबाद गेला तेव्हा कडप्पा आला, ट्रकांचे दिवस आले तसा राजस्थानचा कोटा आला, आता कंटेनरमधून कुठून काय येईल सांगता येत नाही. भट्टीखालची जमीन निवडताना आपण गेली दीडशे वर्षे मालवाहतुकीचे वेळापत्रक वाचत आलो आहोत.

शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. चुनखडी भाजली की चुना होतो; आठशे-नऊशे अंशांवर चुनाभट्टीत तेच करतात. भट्टीखाली एवढे तापमान सगळीकडे जात नाही, पण निखारा पडतो त्या टिचभर जागेत ते जवळ जाते, आणि वरून कोणी बादलीभर पाणी ओतले की भाजलेला भाग भुकटी होऊन सुटतो. शिवाय शहाबादीचे थर निसर्गतःच पापुद्र्यांचे. एका अंगाने तापली की पापुद्रा उचलतो. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. त्याच्यातल्या गारेच्या स्फटिकांची रचना ५७३ अंशांवर एकदम बदलते आणि ते फुगतात. शेजारचे खनिज फुगत नाही. दगडाच्या पोटात चिरा पडतात, बाहेरून चकाकी तशीच. सिमेंट काँक्रीटही तीनशे-चारशे अंशांनंतर आपल्यातले पाणी सोडू लागते आणि कमजोर होते. म्हणजे दुकानात जे जे मिळते ते बसण्या-उठण्यासाठी, गॅसच्या ओट्यासाठी उत्तम, आणि लाकडी भट्टीच्या खाली घालायला नालायक.

इथे कोणी म्हणेल, मग मातीच बरी होती. मला तसे म्हणवत नाही. मातीची चूल टिकत होती, कारण ती रोज दुरुस्त होत होती. सकाळी पोतेरे, सणाला सारवण, पावसाळ्याआधी गारा लावून नवा हात. टिकाऊपणा मातीत नव्हता, पोतेरे फिरवणाऱ्या मनगटात होता, आणि त्या मनगटाला कोणी मजुरी देत नव्हते. उकिडवे बसून, धुरात डोळे चोळत केलेल्या त्या कामातून सुटायला बायांनी कडप्प्याचा उभा ओटा उचलला, यात त्यांचे काहीही चुकले नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली मगन चूल, १९८३ च्या अखेरीला सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम, पुण्याच्या ‘आरती’ संस्थेतून आलेली लक्ष्मी चूल, या सगळ्यांनी धुराचा आणि जळणाचा विचार केला. तो आवश्यकच होता. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली आणि घरची शेगडी दोन हातांत उचलून नेण्याइतकी हलकी झाली. घरापुरता चुलीखालच्या जमिनीचा प्रश्न संपला म्हटले तरी चालेल.

तो उरला आहे सार्वजनिक स्वयंपाकात. भंडाऱ्याच्या चरात, मंगल कार्यालयाच्या मागच्या पडवीत, शाळेच्या खिचडीच्या खोलीत, धाब्यावर. शेतात चर खणून केलेल्या चुलाणाची फार काळजी नाही, एका दिवसाचे काम असते, नंतर जमीन नांगरली जाते. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर तर चूलही चालते. आज मुरूम, उद्या वाळू, परवा काळी. तिला जिथे बसवाल तिथे ती एक रात्र बसते. पक्क्या इमारतीतली पक्की भट्टी मात्र वर्षानुवर्षे त्याच चार पायांवर उभी राहणार. आणि नेमक्या तिच्यासाठी इमारतीच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ नसते. सगळ्या खोल्यांना जी फरशी तीच तिला.

थंड मुलखांत लोखंडी शेगडी घरात पेटते तिथली रीत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांनाही ती पाळावी लागते. तिथे घराची जमीन लाकडाची, म्हणून भीती आगीची. शेगडीच्या तोंडापुढे साधारण दीड फूट तरी न जळणारी जमीन असावी लागते, आणि खालच्या थरातून उष्णता झिरपू नये याचा हिशेब शेगडी बनवणाराच लिहून देतो. वरचा दगड कोणत्याही रंगाचा निवडा, खालच्या थरांबद्दल तडजोड नाही. आपल्याकडे जमीन जळत नाही, म्हणून आपण निर्धास्त. आपली जमीन हलते, एवढेच आपण विसरतो.

मग काय करावे? वरून खाली न जाता खालून वर यावे. भट्टीच्या जागेची काळी हात-दोन हात नव्हे, कठीण थर लागेपर्यंत काढावी. घाटाखाली तो थर लवकर लागत नाही, तिथे निदान चार-पाच फूट काढून मुरूम भरावा, पाणी मारून, धुमसाने थराथराने दाबून. भट्टीचा चौथरा बाजूच्या भिंतीला आणि जमिनीला जोडू नये, बोटभर फट ठेवून ती वाळूने भरावी, म्हणजे खोली वरखाली झाली तरी चौथरा आपल्या जागी राहील. मोरी भट्टीपासून जितकी लांब तितकी चांगली. चौथऱ्यावर चांगली भाजलेली वीट आडवी, तिच्यावर प्रत्यक्ष जाळाखाली भट्टीची वीट, मातीच्याच गाऱ्यात, सिमेंटमध्ये नाही, म्हणजे एक फुटली तर एकच उचलता येते. आणि कडेला, जिथे माणसाचे पाय, बादल्या, कढईचे कान आपटतात, तिथे घट्ट काळा पाषाण, घडीव, खणखण वाजणारा, पांढरे खडे नसलेला. घाटावरून ट्रकभर आणायला लांबच्या दगडापेक्षा वाहतूक कमीच पडेल. चकाकणार नाही, हे खरे. त्यावर पाय घसरणार नाही, हेही खरे, आणि तेल सांडणाऱ्या खोलीत मला ते चकाकीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे. जमिनीतले खारे पाणी विटेतून वर चढते, वाळते, आणि मिठाचे खडे विटेचे तोंड उकलून टाकतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. भट्टी पाणी खेचून घेते, म्हणून लोणा तिच्याभोवती आधी दिसतो. तिथे चौथऱ्याच्या तळाशी खडीचा कोरडा थर हवाच, पाणी चढायला वाटच राहू नये असा.

आता हे सगळे आजच का, असे विचारणाऱ्यांसाठी जिगाव. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होत असलेल्या या धरणाच्या बुडितात गावेच्या गावे उठत आहेत. भोनचा विटांचा स्तूपही त्याच बुडितात येतो. उठलेली गावे नव्या गावठाणात जात आहेत, आणि पूर्णेच्या खोऱ्यात नवे गावठाण म्हणजे कालपर्यंतचे शेत, म्हणजे काळीच. रस्ते आखले जातात, शाळा बांधली जाते, समाजमंदिर उभे राहते. मागे राहते ती पांढरी, शंभर पिढ्यांनी राख टाकून घट्ट केलेली. ती नकाशात नसते, मोबदल्याच्या कागदात तिचा वेगळा दर नसतो. पाणी चढायच्या आधी त्या टेकाडाची माती ट्रॉलीने नव्या गावठाणात न्यावी, समाजमंदिराच्या स्वयंपाकघराच्या पायात भरावी. खर्च डिझेलचा.